एलिओसारखी तीनचाकी हालोलमध्ये काढली तर बडोदेकर घेतील का?

दांडियाबाजार
परवा आपल्या बडोदेकर मंडळींच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की अमेरिकेतली एलिओ ही तीनचाकी मोठ्या मोटार कंपन्यांनी दाबून मारली. तसलीच गाडी बडोद्याजवळच्या हालोलमध्ये काढली तर स्वस्तात पडेल आणि लोकांच्या उड्या पडतील. खाली 'अगदी खरं', 'आपल्याकडे दृष्टीच नाही' असे शेरे. वाचून डोकं तापलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

एलिओला कुणी मारलं नाही. पॉल एलिओ यांनी २००९ साली कंपनी काढली, ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये. पुढे दोन चाकं, मागे एक, माणसं दोनच आणि तीही एकामागे एक. किंमत सांगितली ६,८०० डॉलर, हायवेला गॅलनमागे ८४ मैल. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला जनरल मोटर्सने सोडलेला कारखाना होता, तिथे वर्षाला अडीच लाख गाड्या काढायच्या गोष्टी झाल्या. पासष्ट हजारांवर बुकिंग आलं. त्यात परत न मिळणारे पैसे भरणारेही होते. २०१४ ची तारीख २०१५ वर गेली, मग २०१६ वर, मग त्याच्याही पुढे. शेअर विकून पैसा उभा केला, तो कारखाना चालू करायला पुरला नाही. गिऱ्हाइकाच्या दारात एकही गाडी गेली नाही.

आता आपला हिशेब करा. ८४ मैलांचे लिटरला साधारण ३६ किलोमीटर होतात. आपली शंभर सीसीची मोटरसायकल याहून कितीतरी जास्त ॲव्हरेज देते. ६,८०० डॉलर तेव्हाच्या भावाने चार लाखांच्या आसपास. त्याच सुमाराला, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, अल्टो ८०० आली ती २.४४ लाखांपासून. म्हणजे अमेरिकेतली 'स्वस्त' गाडी इथल्या पाच सीटच्या मोटारीपेक्षा महाग. आणि लांबी चार मीटरच्या आसपास, अल्टोहून जास्त! मंगळ बाजाराच्या तोंडाशी पार्किंगला तिचा फायदा काय?

तीन चाकांवर गाडी खपते ती कायदा सवलत देतो म्हणून. ब्रिटनमध्ये रिलायंट रॉबिन १९७३ पासून खपली, कारण ती मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवता यायची आणि कर कमी भरावा लागायचा. बीएमडब्ल्यूची इसेटा ब्रायटनला बनायची, तिला मागे एकच चाक बसवलं तेही याच सवलतीसाठी. एलिओसुद्धा अमेरिकेत मोटरसायकल म्हणून पास होणार होती, मोटारीचे नियम चुकवून. आपल्याकडे रिक्षाला परमिट आहे, ती रोज कमावते, म्हणून तीन चाकं परवडतात. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला तिसरं चाक काय देतं? काहीच नाही. हे आधी सांगा, मग हालोलची स्वप्नं पाहा.

मकरपुरावाला
दादा, तुम्ही कधी गाडीचा एक तरी पार्ट बनवलाय? माझं जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, वर्कशॉप आहे, म्हणून विचारतोय. एक चाक कमी केलं की टायर, रिम, हब, दोन बेअरिंग, ब्रेक ड्रम आणि शॉकअप गेला. मागच्या एकाच चाकाला ताकद दिली तर दोन चाकांत ताकद वाटणारा डिफरेन्शिअलही लागत नाही. वजन उतरलं की इंजिन लहान चालतं, इंजिन लहान झालं की चेसिस हलकी. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. 'काहीच नाही' म्हणून कसं चालेल?

आणि इथल्या बऱ्याच लोकांना तीनचाकी म्हटलं की रिक्षाच आठवते. दोन चाकं पुढे आणि इंजिनचं वजन पुढे असेल तर वळणावर ब्रेक मारला तरी गाडी बसून राहते. रॉबिन उलटायची, कारण तिचं एकटं चाक पुढे होतं. एलिओची रचना चांगली होती. पैसा संपला म्हणून रचना वाईट ठरत नाही.

सूरसागर
रचना रस्त्यावर चालते, कागदावर नाही. चारचाकीच्या चाकांचे माग दोन. खड्डा दिसला की दोन्ही चाकं त्याच्या अल्याड-पल्याड घालून आपण निघतो. तीनचाकीचे माग तीन. बाजूची दोन चाकं वाचवली तर मधलं नेमकं खड्ड्यात.

गेल्या पावसाळ्यानंतर आई शटल रिक्षातून वाडीहून स्टेशनकडे येत होती. मागे चार जणं कोंबलेली, ड्रायव्हरच्या सीटवर दोघं आणखी. पुढचं चाक खड्ड्यात गेलं, हँडल हातातून सुटलं आणि रिक्षा आडवी होता होता राहिली. आईचं मनगट दांड्यावर आपटलं, प्लास्टर घालावं लागलं. त्या रिक्षावाल्याने थांबून विचारलंसुद्धा नाही, बाकीच्यांना घेऊन निघून गेला. या शटलवाल्यांना स्टेशनवर कुणी विचारत नाही, चौकात उभे राहून सगळा रस्ता अडवतात, मीटर तर कुणी टाकतच नाही. आधी असलेल्या तीनचाकींना शिस्त लावा, नव्या कशाला आणता?

आणि स्वस्त गाडीचं गुजरातमध्ये काय होतं ते टाटांच्या नॅनोच्या कारखान्यात, साणंदला जाऊन विचारा. नॅनो कुणी घेतली नाही.

कारेलीबागची ताई
कुणी घेतली नाही म्हणजे? मी घेतली. २०१२ ची आहे, आजही दारात उभी आहे आणि सकाळी चालवून आले. ज्यांनी एकदाही तिच्यात बसून पाहिलं नाही तेच तिच्यावर बोलतात, याचा मला मनापासून संताप येतो.

आम्ही चौघं एका स्कूटरवर जायचो. मुलगा पुढे उभा, मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये, पावसात माझी ओढणी तिच्या डोक्यावर. नॅनो आली तेव्हा पहिल्यांदा घरातलं प्रत्येक माणूस कोरडं घरी पोचलं. ही किंमत तुमच्या कुठल्या हिशेबात बसते?

हालोल शिफ्ट
ताई, तुमच्या गाडीबद्दल आदर आहे, पण भावनेने कारखाना चालत नाही. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाखांची होती. नॅनोचं सगळ्यात चांगलं वर्ष २०११-१२, तेव्हा विकल्या ७४,५२७. पुढे उतरणच. २०१८-१९ मध्ये उत्पादन थांबलं. आज तिथून टियागो-टिगोर निघतात. क्षमतेच्या एक तृतीयांशही न खपलेल्या गाडीला काय म्हणायचं?

कारेलीबागची ताई
गाडी पडली का पाडली, ते सांगा. २००८ च्या जानेवारीत दिल्लीत दाखवली तेव्हापासून एकच पाढा: लाखाची गाडी, गरिबाची गाडी. कोण आपल्या सोसायटीत गरिबाची गाडी उभी करेल? रतन टाटांनीच नंतर बोलून दाखवलं की 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का चुकीचा पडला. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरमधून कारखाना उठून साणंदला येण्यात जवळपास दोन वर्षं गेली. कारखाना २०१० च्या जूनमध्ये सुरू झाला, तोवर लोकांचा उत्साह ओसरला होता.

हालोल शिफ्ट
२०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने धडक चाचणी घेतली. शून्य तारे. ते कुणी पाडलं?

कारेलीबागची ताई
त्याच चाचणीत अल्टोलाही शून्यच होतं, ती का खपली? आणि चौघांना घेऊन जाणाऱ्या स्कूटरला किती तारे मिळतात, तेवढं एकदा सांगाच मला.

सूरसागर
ताई, विषय तीनचाकीचा आहे.

कारेलीबागची ताई
नॅनोचं नाव कुणी काढलं? तुम्हीच. आता ऐकून घ्या. तिच्या उणिवा तुमच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहेत. वायपर एक. चाकाला नट तीनच, पंक्चरवाला दर वेळी चौथा शोधतो. डिकी बाहेरून उघडत नाही, गव्हाचं पोतं मागची सीट पाडून आत घालावं लागतं. इंजिन मागे, त्यामुळे उन्हाळ्यात मागे बसणाऱ्याच्या पाठीला ऊब लागते. हे सगळं सोसून मी ती ठेवली आहे, कारण दाराशी आणता येते, चौघं बसतात आणि चारही दारं उघडतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायट्यांत शिरलं त्याच्या आदल्या रात्री आम्ही ती पुलावर नेऊन लावली, मुलं आणि दोन पिशव्या आत घालून. एलिओला दार एकच होतं, डावीकडे. गुडघे बदललेल्या सासूबाईंना त्या एका दारातून मागच्या सीटवर कशी नेऊ?

तेव्हा मकरपुरावाला भाऊ, स्वस्त गाडी बायकांना हवी आहे. फार हवी आहे. फक्त ती पूर्ण गाडी पाहिजे. चाक काढून घेतलेली नको.

मकरपुरावाला
ताई, माझी ओळच तुम्ही उलटी धरलीत. मी चाक काढून घ्या म्हणत नाही, रोज एकटा माणूस मोटारीत बसून मकरपुऱ्याला येतो त्याच्यासाठी बोलतोय. गेंडा सर्कलहून मनीषा चोकडीचा पूल चढताना बघा, दहातल्या आठ गाड्यांत फक्त ड्रायव्हर.

हालोल शिफ्ट
मकरपुरावाले, तुमच्या पार्टच्या हिशेबाबद्दल बोलतो, कारण मी आयुष्यभर प्रेस शॉपमध्ये काढलं. चाक, हब, शॉकअप ही किरकोळ रक्कम आहे. खरा खर्च डायचा, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या साच्यांचा. दाराचा पत्रा दाबायची डाय गाडीला चाकं तीन आहेत का चार, हे विचारत नाही. छताची, बॉनेटची, काचेची तीच गोष्ट. हा पैसा पहिली गाडी निघायच्या आधीच ओतावा लागतो आणि लाखो गाड्यांवर वाटला तरच उतरतो. म्हणून एलिओला अडीच लाखांचा आकडा बोलावा लागला. त्याहून कमी काढल्या तर ६,८०० ची किंमत बसतच नव्हती. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे कर्ज मागितलं होतं, तेही मिळालं नाही.

एका नव्या कंपनीसाठी आमच्या ओळखीच्या वेंडरने डाय बनवून दिल्या होत्या. नाव घेत नाही. कंपनी बसली, डाय शेडच्या मागे गंजत पडल्या, भंगारात विकल्या तेव्हा पोलादाचेही पैसे निघाले नाहीत. तो माणूस अजून हप्ते फेडतोय. 'हालोलला जागा आहे' असं कुणी लिहिलं की मला तो आठवतो. हालोलला जनरल मोटर्स १९९६ मध्ये आली आणि २०१७ मध्ये गेली. शेड होती, माणसं होती, हात शिकलेले होते. गाड्या खपल्या नाहीत.

फतेगंज हॉस्टेल
सगळे काका लोक पेट्रोलमध्येच अडकलेत. इंजिन, डिफरेन्शिअल, गिअरबॉक्स काढून टाका आणि मग हिशेब करा. वजन हा विजेच्या गाडीचा शत्रू आहे, कारण बॅटरी सगळ्यात महाग. गाडी हलकी आणि वाऱ्याला कमी अडणारी असेल तर बॅटरी लहान चालते. तिथे तीन चाकंच पैसे वाचवतात, कायद्याने सवलत दिली नाही तरी. देशात वर्षाला सात लाखांहून जास्त तीनचाकी विकल्या जातात आणि नोंदणी होणाऱ्यांत अर्ध्याहून जास्त विजेवरच्या आहेत. इतक्या झपाट्याने दुसरं कुठलं वाहन विजेवर गेलं? तरीही म्हणायचं चालणार नाही?

दांडियाबाजार
भाऊ, त्या सात लाखांतल्या किती घरच्या वापराच्या? जवळजवळ सगळ्या भाड्याच्या आणि मालाच्या. माझा मुद्दा तुम्हीच पक्का केलात. आणि तीनचाकी ज्यांच्या रक्तात आहे त्या बजाजनेच बघा काय केलं. माणसं नेणारी बंद गाडी काढायची वेळ आली तेव्हा २०१२ मध्ये चार चाकांची आरई६० दाखवली. पुढे तिचं नाव क्यूट झालं. कोर्टकचेऱ्यांत वर्षं गेली, महाराष्ट्रात २०१९ मध्ये आली ती २.४८ लाखांना. २१६ सीसी, ताशी ७० किलोमीटर. बजाजला तीन चाकांत भविष्य दिसलं असतं तर त्यांनी चौथं लावलं असतं का?

बॅटरीचा मुद्दा मान्य करतो, तेवढाच. हलक्या गाडीला लहान बॅटरी पुरते, हे खरं. पण अमेरिकेतल्या ॲप्टेरा कंपनीने नेमकं हेच धरून तीन चाकांची, वारा कापणारी गाडी आखली. पहिली कंपनी २०११ मध्ये बंद पडली, २०१९ मध्ये पुन्हा उभी केली. ओरेगॉनच्या आर्सिमोटोने तर गाड्या विकूनही दाखवल्या, पण स्वस्त म्हणून निघालेली गाडी स्वस्त राहिली नाही.

फतेगंज हॉस्टेल
अमेरिकेत लोक ताशी शंभर किलोमीटरवर ऑफिसला जातात. बडोद्यात कोण शंभरने जातो? चाळीस-पन्नासला चालणारी, दिवसाला तीस किलोमीटर धावणारी, घरच्या प्लगवर चार्ज होणारी, दोन माणसं शेजारी-शेजारी. अमेरिकेच्या अपयशाने ही गाडी कशी बाद होते?

मकरपुरावाला
हेच मी सकाळपासून सांगतोय. आणि डाय लागतच नाही त्याला, पाइपचा सांगाडा आणि फायबरचे पॅनल. महिन्याला दोनशे गाड्यांसाठी तेवढं पुरतं.

हालोल शिफ्ट
दोनशेचं चालेल. दोनशेला डाय नको, हे मान्य. पण मग किंमत सांगताना लाखो गाड्यांच्या कारखान्याची सांगू नका.

कारेलीबागची ताई
शेजारी-शेजारी बसायचं असेल तर दोन दारं हवीत आणि पाऊस आत येता कामा नये. आमच्या ऑफिसातल्या तिघी तरी बघायला येतील.

दांडियाबाजार
बघायला येतील, ताई. बँक कर्ज देईल का, आरटीओ खासगी पासिंग कुठल्या वर्गात करेल आणि पाच वर्षांनी विकताना कोण घेईल, या तिन्हींवर मकरपुरावाल्यांनी लिहावं. मग मी पुढचं बोलतो.

मकरपुरावाला
रविवारी लिहितो. पासिंगचं आरटीओत जाऊन विचारून येतो.