मदत हवी आहे: लिस्बनमध्ये एकच मोकळा दिवस, सोबत गुडघेदुखीवाले बाबा

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या मध्यावर कामासाठी लिस्बनला जातोय, या वेळी बाबाही सोबत आहेत. आम्हा दोघांचीही युरोपची ही पहिलीच वारी. मला पूर्ण मोकळा असा एक मंगळवार मिळतोय, बुधवारी सकाळी परतीचं विमान.

बाबा वसईचे, शाळेत इतिहास शिकवायचे. १५३४ ला वसई पोर्तुगीजांकडे कशी गेली आणि १७३९ ला चिमाजी अप्पांनी ती कशी घेतली, यावर ते न थांबता तासभर बोलू शकतात. समोर ऐकणारा असो वा नसो. त्यामुळे "ज्यांनी आपल्याकडे दोनशे वर्षं ठाण मांडलं त्यांचं घर बघायचंय" हा त्यांचा कार्यक्रम ठरलेला आहे. वास्को द गामाची कबर, तो बेलेंचा किनारा, जुना अल्फामा भाग आणि १७५५ च्या भूकंपाच्या खुणा, एवढं तरी हवंच.

आता अडचणी. एक म्हणजे गुडघे. सपाटीवर बाबा मला मागे टाकतात, चढही हळूहळू चढतात, पण उतरताना हाल होतात. आणि लिस्बन म्हणजे नुसत्या टेकड्या असं ऐकतोय. दुसरं, मंगळवारी ते मांस-मच्छी, अंडं काही खात नाहीत. परदेशातसुद्धा नाही, विचारून झालंय. तिसरं, सगळीकडे २८ नंबरच्या ट्रामचं कौतुक वाचतोय, ती खरंच घ्यावी का?

बेलें आणि अल्फामा एका दिवसात बसेल का? की एकावर पाणी सोडू?

प्रतिसाद १

मंगळवार आहे हे बरं, सोमवारी बेलेंचा जेरोनिमुश मठ (वास्कोची कबर तिथेच) बंद असतो. म्हणूनच मंगळवारी सकाळी गर्दीही जास्त असते, तेव्हा उघडायच्या आधी पोचा.

बेलेंला लोकल ट्रेन पटकन जाते, पण स्टेशनातून बाहेर पडताना जिने लागतात. तुम्ही १५ नंबरची ट्राम घ्या, मठासमोरच उतरवते. शहराच्या मध्यावरच्या प्रासा दा फिगेइरा या चौकातून बसलात तर जागा मिळायची शक्यता जास्त.

वास्कोची कबर मठाच्या चर्चमध्ये आहे, आत शिरल्या शिरल्या. समोरासमोर दोन कबरी आहेत, दुसरी कामोंइश या कवीची. चर्चला तिकीट नाही, आतल्या दुमजली कमानींच्या चौकाला आहे. रांग मोठी असेल तर चौक सोडा असं कुणी म्हणेल, मी म्हणणार नाही. बाबांना तिथे बसायला मिळेल आणि दगडातलं कोरीवकाम तासभर बघण्यासारखं आहे. १५०१ च्या सुमारास राजा मानुएलने बांधकाम काढलं, आणि त्यासाठी पूर्वेकडच्या व्यापारावर कर लावला होता. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या मिरीचा वाटा त्यात आहेच, हे बाबांना सांगा. बहुधा तेच तुम्हाला सांगतील. वास्को वारला कोचीला, १५२४ मध्ये. आधी तिथेच पुरला होता, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले.

पलीकडे नदीकाठी शोधयात्रांचं स्मारक आहे, ५२ मीटर उंच. वर नाही गेलात तरी चालेल. त्याच्यासमोर जमिनीवर जगाचा मोठा नकाशा आहे, पोर्तुगीज कुठे कधी पोचले त्याच्या सालांसकट. मात्र तिथे जायला रेल्वेमार्गाखालून भुयारातून जावं लागतं, पायऱ्या आहेत. बाबा कंटाळले असतील तर ते टाळून जवळच्या आफोंसो द आल्बुकेर्क चौकात जा. १५१० ला गोवा घेणारा हाच तो, उंच खांबावर उभा आहे.

दुपारी शहरात परत या. टेरेइरू दू पासू हा नदीकाठचा चौक आणि त्यामागचे सरळ, काटकोनातले रस्ते हीच भूकंपाची सगळ्यात मोठी खूण. १ नोव्हेंबर १७५५, सणाचा दिवस, चर्च भरलेली. आधी भूकंप, मग समुद्राची लाट, मग आग. नंतर तेव्हाचा मंत्री मार्किश द पोंबाल याने हा भाग नव्याने आखला, आणि सगळा सपाट आहे. छप्पर उडालेलं कार्मू चर्च मुद्दाम तसंच ठेवलंय, ते मात्र वर, शियादू भागात आहे. तिथे चढायला बायशा-शियादू मेट्रो स्टेशनचे सरकते जिने वापरा, एका दाराने आत, दुसऱ्याने वर. सांता जुश्ता लिफ्टच्या रांगेत ताटकळू नका.

अल्फामा पायी फिरायचा हट्ट सोडा. पावसात तिथले गुळगुळीत चुनखडीचे दगड तरण्याबांड माणसालाही पाडतात. ७३७ नंबरची छोटी बस प्रासा दा फिगेइराहून अल्फामाच्या वरच्या किल्ल्यापर्यंत जाते. बसने वर आणि बसनेच खाली, उतरायचा प्रश्नच मिटला. २८ ला गर्दी आणि पाकीटमार दोन्ही भरपूर.

प्रतिसाद २

जेवणाचं: कॅफेत समोशासारखा 'शामुसा' दिसेल, बाबा खूश होतील, पण आत बहुतेक वेळा मांस असतं. विचारल्याशिवाय देऊ नका. काल्दू व्हेर्द या हिरव्या सूपमध्येही सॉसेजची चकती असते. भाज्यांचं साधं सूप, पाव आणि चीज सगळीकडे मिळतं. नोव्हेंबरात रस्त्यावर भाजलेले चेस्टनट मिळतात, ते निर्धास्त खा. मार्तिं मोनीश भागात भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं भरपूर, रात्रीचं जेवण तिथे उरका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ७३७ बद्दल कुठेच वाचलं नव्हतं. बाबांना प्रतिसाद वाचून दाखवला तर म्हणाले, आल्बुकेर्कच्या पुतळ्यासमोर फोटो काढणार नाही, नुसता बघून घेईन.

एक राहिलंच. बेलेंच्या त्या प्रसिद्ध पेस्ट्रीत अंडं असणार, म्हणजे मंगळवारी बाद?

प्रतिसाद २

बाद, पिवळा भाग सगळा अंड्याचाच. पण १८३७ पासूनच्या त्या दुकानात सहा-सहाच्या पुठ्ठ्याच्या नळीत बांधून देतात, दालचिनी आणि साखरेच्या पुड्या वेगळ्या. मंगळवारी घ्या, बुधवारी विमानतळावर खा. बसून खाणाऱ्यांची रांग वेगळी असते, तुम्ही बांधून नेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहा.