कोरियन भूतकाळ: 'आस्स' की 'ऑस्स', आणि नियम मोडणारी क्रियापदं

शिकतेय_कोरियन
टोपिक-१ (कोरियन भाषेची प्राथमिक परीक्षा) ची तयारी चालू आहे. मूळ रूपातला 'दा' काढून 'आस्स' किंवा 'ऑस्स' लावायचं, इथपर्यंत कळलं. पण गादा (जाणे) चं 'गाआस्सॉयो' न होता 'गास्सॉयो' का? आणि इप्ता (कपडे घालणे) चं 'इबॉस्सॉयो', तर दॉप्ता (उकडणे) चं 'दॉवॉस्सॉयो' कसं?

हांगुल_कट्टा
वर्तमानकाळाचं 'यो'वालं रूप पक्कं असेल तर भूतकाळ वेगळा घोकावा लागत नाही. त्यातला 'यो' काढा, शेवटच्या अक्षराखाली दुहेरी स बसवा, पुढे 'ऑयो'. गायो–गास्सॉयो, वायो (येतो)–वास्सॉयो, माश्यॉयो (पितो)–माश्यॉस्सॉयो, हेयो (करतो)–हेस्सॉयो. लागोपाठचे दोन आ वर्तमानकाळातच एक झालेले असतात, म्हणून 'गाआ' उरत नाही.

यामागचा नियम असा: धातूचा शेवटचा स्वर आ किंवा ओ असेल तर आस्स, नाहीतर ऑस्स, हादा (करणे) तेवढं वेगळं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे 'गास्सायो'. आ-ऑ ची निवड काळाच्या प्रत्ययापुरतीच, त्यापुढे कायम 'ऑयो'.

ही युक्ती दोन ठिकाणी चालत नाही. 'आहे' अर्थाच्या इएयो/येयो चं व्यंजनानंतर 'इऑस्सॉयो', स्वरानंतर 'यॉस्सॉयो' (छिन्गुयॉस्सॉयो, मित्र होता). आणि आदरार्थी 'सेयो' चं 'श्यॉस्सॉयो': गासेयो–गाश्यॉस्सॉयो.

बाचिम
दुसऱ्या प्रश्नाचं. धातूच्या शेवटी लिहिलेले ब, द, स हे 'दा' च्या आधी प, त, त असे ऐकू येतात आणि 'दा' चा 'ता' होतो. ब ने संपणाऱ्या बऱ्याच धातूंत स्वर पुढे आला की ब चा उ होतो: दॉप्ता–दॉवॉस्सॉयो. इप्ता, जाप्ता (पकडणे) मात्र ब सोडत नाहीत. गुण किंवा स्थिती सांगणारं क्रियापद असेल तर ब बहुतेक जातोच. जोप्ता (अरुंद असणे) हा ठळक अपवाद. 'वास्सॉयो' फक्त दोप्ता (मदत करणे) आणि गोप्ता (सुरेख असणे) यांना. गोमाप्ता (आभारी असणे) मध्ये आ असूनही 'गोमावॉस्सॉयो'च. 1988 च्या शुद्धलेखन नियमांनी हे ठरलं, म्हणून त्याआधीच्या छापील मजकुरात 'गोमावायो' भेटेल.

द चंही तसंच: गॉत्ता (चालणे)–गॉरॉस्सॉयो, पण दात्ता (बंद करणे)–दादास्सॉयो. अशा जोड्या शेजारी लिहूनच पाठ करा, एकेकटी क्रियापदं गोंधळ घालतात.

स गळतो तिथे उरलेले दोन स्वर एकत्र करू नका. जित्ता (घर बांधणे) चं 'जिऑस्सॉयो'. 'ज्यॉस्सॉयो' लिहिलंत तर अर्थ होतो 'हरलो'.

धातू 'अ' ने (ओठ न गोलावता म्हटलेल्या उ ने) संपत असेल तर तो अ जातो आणि त्याच्या आधीचा स्वर बघायचा: बाप्पदा (कामात असणे)–बाप्पास्सॉयो, येप्पदा (सुंदर असणे)–येप्पॉस्सॉयो. शेवटी 'र' वर हा अ असेल तर बहुधा ल दुहेरी होतो: मोरदा (माहीत नसणे)–मोल्लास्सॉयो, बुरदा (हाक मारणे)–बुल्लॉस्सॉयो.

हांगुल_कट्टा
वापराबद्दल थोडं. लिंग-वचनानं रूप बदलत नाही: केला, केली, केलं, केले, सगळ्याला हेस्सॉयो. आणि काही भूतकाळी रूपं आजची स्थिती सांगतात. 'ऑम्मारल दाल्मास्सॉयो' म्हणजे 'आईवर गेलाय', 'ग्यॉल्होनहेस्सॉयो' म्हणजे संदर्भानुसार 'लग्न झालंय'. इथे मराठी कान तुमच्या बाजूने आहे. तसंच 'गास्सॉस्सॉयो' हे दुहेरी रूप आपल्या 'गेलो होतो' च्या जवळचं: जाऊन परत आलेला माणूस ते वापरतो, अजून तिथेच असलेल्यासाठी साधं 'गास्सॉयो'.