‘गमत नाही’ म्हणजेच ‘सेरोटोनिन कमी’ काय?

नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीकडची, अंगणवाडीत काम करते. शब्दाचंच विचारायचं आहे पण थोडं लांबण लागेल. आमच्या शेजारच्या काकूच्या लेकीचं लग्न झालं दिवाळीनंतर, तेव्हापासून काकू एकच म्हणते, "मले गमत नाही वं." आता तिच्या पोरानं पुण्यावरून गोळ्यांचा डबा पाठवला आणि फोनवर सांगितलं की आई तुझं सेरोटोनिन कमी झालं, हा पूरक आहार आहे, रोज एक घे. काकू डबा घेऊन माझ्याकडे आली, "पूरक आहार तं तुमच्या अंगणवाडीत लेकरायले भेटते ना, मले काहून देऊन रायला हा?" आणि तिचं बरोबरच आहे, आमच्याकडे त्या शब्दाचा तोच अर्थ. तर सेरोटोनिनला मराठीत काय म्हणायचं, सप्लिमेंटला काय म्हणायचं, आणि गमत नाही याचा अर्थ खरंच सेरोटोनिन कमी असा होतो काय? काकूला तालुक्याच्या डॉक्टरची झोपेची गोळी पण चालू आहे महिनाभरापासून.

उत्तर: ताई, आधी गमणेचं सांगतो, कारण हा शब्द मला फार जवळचा आहे. पुण्याकडे करमत नाही म्हणतात, आपल्याकडे विदर्भात गमत नाही. गुजरातीत गमवुं म्हणजे आवडणे, तो याचा भाऊच दिसतो. करमणेपासून करमणूक झाली, गमणेला मात्र तसं नाम नाही आपल्या बोलीत, तो क्रियापद म्हणूनच जगला आणि तोही बहुतेक ‘नाही’ सोबतच. आणखी एक पाहा, ‘मी गमत नाही’ असं कोणी म्हणत नाही, ‘मले’ गमत नाही. म्हणजे बोलणाऱ्याकडे दोष येत नाही, त्याच्यावर काहीतरी आलेलं असते. आणि ऐकणारा लगेच विचारते काहून, कोण गेलं? लेक सासरी गेली, बैल विकला, पोरगा शिकायला गेला, की घरात गमत नाही. सेरोटोनिन म्हटलं की कोण गेलं हे विचारायची जागाच उरत नाही.

उत्तर: मी मेडिकल दुकानात बसतो, वर्धेकडे. सेरोटोनिनला मराठी शब्द नको, तसंच लिहा. १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला ते वेगळं काढलं तेव्हा रक्ताच्या सीरममधून (रक्त गोठल्यावर उरते ते पाणी) काढलं आणि ते रक्तवाहिन्या आवळते म्हणजे टोन देते, म्हणून सीरम अधिक टोन असं नाव पडलं. मेंदूत ते सापडलं त्याच्या नंतर. ‘आनंदी हार्मोन’ जे सगळीकडे लिहून रायले ते मला पटत नाही. हार्मोनला संप्रेरक म्हणतात, आणि मेंदूत हे काम करते ते निरोप्याचं, त्याला चेतापारेषक असा शब्द आहे. शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास तर आतड्यात असते. आणि ‘लेव्हल कमी’ हा शब्द तर सोडाच, एचबी किंवा शुगर मोजतो तशी मेंदूतल्या सेरोटोनिनची पातळी रक्त काढून कळत नाही. २०२२ साली जुन्या संशोधनाचा मोठा आढावा आला, त्यातही उदासी म्हणजे सेरोटोनिनची कमी याला ठोस पुरावा सापडला नाही. पण म्हणून उदासीवरची चालू गोळी मनानं बंद करू नये, ती फायदा करते लोकांना.

आता महत्त्वाचं, ताई. ‘झोपेची गोळी’ हा शब्द आपल्या गावात फार घात करते. मनाच्या आजाराची कोणतीही गोळी असो, लोक झोपेचीच म्हणतात, कारण तसं सांगायला लाज वाटत नाही. काकूच्या पाकिटावरचं नाव वाचा. आणि डब्यावर फाइव्ह एचटीपी (यापासून शरीर सेरोटोनिन बनवते) किंवा सेंट जॉन्स वर्ट (उदासीसाठी विकतात ती एक वनस्पती) लिहिलं आहे काय तेही पाहा. पाकिटातली गोळी उदासीवरची निघाली आणि तिच्यासोबत यातलं काही पोटात गेलं तर सेरोटोनिन जास्त होऊन थरथर, घाम, धडधड, जुलाब, ताप, माणूस भ्रमल्यासारखा, असं होऊ शकते आणि ते जिवावर बेतू शकते. तोवर डबा उघडू नका.

उत्तर: सप्लिमेंटला मी तरी ‘वरची गोळी’ म्हणीन, बाळाच्या वरच्या आहारासारखं. पूरक आहार हा शब्द अंगणवाडीलाच राहू द्या. आणि खाण्याचं म्हणाल तर सेरोटोनिन खाऊन मेंदूत जात नाही, केळात ते असते पण रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू ते ट्रिप्टोफॅनपासून (प्रथिनातला एक घटक) तयार करते आणि ते ट्रिप्टोफॅन आपल्या वावरातच आहे, सोयाबीन, तीळ, शेंगदाणा, शिवाय दूध, अंडी. एका जागी ‘भोपळ्याच्या बिया खा’ वाचून आमच्या मामीनं दुधीच्या बिया वाळवल्या. तिकडचा लाल भोपळा म्हणजे आपलं कोहळं, त्याच्या बिया! आणि तिकडे कोहळा म्हणजे पेठ्याचा पांढरा. असं लिहिणाऱ्यानं इकडचा शब्द पण द्यायला पाहिजे. भाकर, तिळाची चटणी, ताक असं पोटभर जेवण पाहिजे, पण जेवणानं आजार बरा होते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

धागा काढणारीच परत लिहिते: पाहिलं. पाकिटावर एस्सिटॅलोप्राम आहे, म्हणजे सेरोटोनिनवर काम करणारी उदासीची गोळी, झोपेची नाहीच ती. आणि डब्यावर फाइव्ह एचटीपी. माझे हात गार पडले खरं सांगते, बरं झालं काकूनं एकही घेतली नव्हती. काकूला विचारलं की गमत नाही म्हणजे काय काय होते, तर लेक नाही एवढंच नाही, पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही, भजनाला जायचं सोडलं, दोन महिने झाले. म्हणजे एकाच शब्दात आठवण पण आहे आणि आजार पण, आम्ही सगळ्याजणी फक्त आठवणच ऐकत होतो. सोमवारी तिला घेऊन डॉक्टरकडे जाते, डबा आणि पाकीट दोन्ही पिशवीत. टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, तिचा १४४१६ नंबर पण तिच्या फोनमध्ये टाकून दिला, मराठीत बोलतात तिथे. पोराला मीच फोन केला, तो रडला, म्हणे आई गमत नाही म्हणायची तर मला वाटे माझी आठवण येते. आता कोणी सांगा, कशातच मन न लागणं याला आपल्या बोलीत वेगळा शब्द आहे काय? आमच्या गावात म्हाताऱ्या ‘जीव उठून गेला’ म्हणतात, तुमच्याकडे काय म्हणतात?