चिंक्वेदेआ खरी की नंतरची? ठाण्यात विकायला आलेल्या इटालियन तलवारीबद्दल

आम्लरेषा, नौपाडा
नमस्कार. मी छापचित्रं करते. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खाऊ देणं हे रोजचं काम, आणि त्यामुळेच या वस्तूवर जीव जडलाय. इथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात चिंक्वेदेआ आली आहे. आखूड इटालियन तलवार, मुठीपाशी पातं पंजाएवढं रुंद, टोकाकडे निमुळतं. दोन्ही बाजूंना आम्लाने कोरलेले घोडेस्वार, मधूनमधून सोन्याचा मुलामा. मूठ हाडाची, तिच्यात जाळीदार पितळी फुलं. दुकानदार म्हणतात, फेरारा, सन १५००, कोरीवकाम एर्कोले देई फेदेलीचं. किंमत पावणेदोन लाख. सोबत उठावाच्या नक्षीची ढाल, तिचे वेगळे चाळीस हजार. पैसे साठवलेले आहेत. नेमकं काय तपासू? आणि घरात ठेवायला कायद्याची अडचण येते का?

टूलरूमवाले, नेरूळ
ताई, माझी उभी नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात ग्राइंडिंग करण्यात गेली, म्हणून मी तलवार पात्याकडून बघतो. मूठ बदलता येते.

आधी फेदेलीचं नाव बाजूला ठेवा. चेझारे बोर्जिया या त्या काळच्या इटालियन सरदाराच्या तलवारीवरचं काम त्याचं मानतात. तिचं चामडी म्यान लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पुढे कोरीव चिंक्वेदेआ दिसली की तिला हेच नाव चिकटवायची सवय पडली. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना दिवाणखान्यात शस्त्रं मांडायची हौस होती आणि ती पुरवणारे तयारीचे कारागीर होते. म्युनिकचा एर्न्स्ट श्मिट जुन्या धर्तीची चिलखतं आणि शस्त्रं नव्याने घडवून विकायचा. अशी वस्तू कमअस्सल नव्हे. मला स्वतःला असं काम आवडतं. फक्त तिचे पैसे १५०० सालच्या हिशेबाने मोजू नका.

आता पातं. चिंक्वेदेआवर पन्हळी, म्हणजे पात्याच्या लांबीने काढलेल्या खोलगट खाचा, बहुधा मुठीपाशी चार, मध्ये तीन, टोकाकडे दोन अशा असतात. हाताने घासलेली पन्हळ कुठेतरी हलतेच. बोट फिरवलं की कळतं. सगळ्या तंतोतंत सारख्या निघाल्या आणि तळाशी कटरच्या बारीक रेघा दिसल्या, तर मिलिंग मशीन समजा. जाडी तीन ठिकाणी मोजा. चांगलं घडवलेलं पातं टोकाकडे पातळ होत जातं. तयार पट्टीतून कापलेलं शोभेचं पातं बऱ्याचदा एकाच जाडीचं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं तुमच्याच हातातलं आहे. भिंगातून कोरीव रेषा आणि गंजाचे खड्डे एकत्र बघा. गंजाने रेषा खाल्ली असेल तर नक्षी आधीची. रेषा खड्ड्यात उतरून अखंड पुढे गेली असेल तर खड्डा आधीचा, नक्षी नंतरची. साध्या जुन्या पात्यावर पुढे नक्षी काढून भाव वाढवल्याची उदाहरणं आहेत. खड्डे सगळीकडे एकाच खोलीचे असतील तर पातं मुद्दाम आम्लात बुडवलं असण्याची शंका घ्या.

ढाल उलटी करून बघा. पत्रा ठोकून उठवला असेल तर मागे हातोडीच्या खुणा दिसतात. ओतीव असेल तर जड आणि जाड लागते. मागे तांब्याचा रवाळ थर असेल तर ती विजेने तांबं चढवून काढलेली प्रत. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने रेनेसान्सच्या वस्तूंच्या अशा प्रती काढल्या, त्यांचेही संग्राहक आहेत.

घोडबंदरकर
कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं मोडतात. तुमची वस्तू दोन्ही मापांत बसेल. घरात ठेवण्याबद्दल ठाणे पोलीस आयुक्तालयात लेखी अर्ज करा आणि उत्तरही लेखी घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश चालू असेल तेव्हा तलवार रस्त्याने नेऊ नका, नुसती दुकानातून घरीही नाही. आणि १०० वर्षांपुढची वस्तू पुरावशेष म्हणून विकत असतील तर १९७२ च्या कायद्याने विक्रेत्याकडे परवाना हवा. तो मागा.

आम्लरेषा, नौपाडा
काका, आज दुकानात भिंग घेऊन बसले होते. पन्हळी चार-तीन-दोनच आहेत, रुंदी हलते, जाडी टोकाकडे उतरते. पण घोडेस्वाराच्या डाव्या पायाची रेषा सरळ खड्ड्यात उतरून पलीकडे निघते. तिची कड खड्ड्याच्या आतही धारदार आहे. असं तीन ठिकाणी सापडलं. शिवाय मुठीखाली समोरासमोर दोन दातेरी चंद्रकोरींचा शिक्का आहे. दुकानदार म्हणतात, यावरून इटली सिद्ध होते. परवान्याचं विचारल्यावर 'बघून सांगतो' म्हणाले.

टूलरूमवाले, नेरूळ
छान पाहिलंत. मग नक्षी नंतरची. फेदेली संपला, १५०० सालाचा भावही संपला. पातं स्वतः किती जुनं, ते फोटोवरून मी सांगणार नाही.

त्या चंद्रकोरींचा संबंध जिनोआशी जोडतात खरा, पण शिक्का नावाजला म्हणून जर्मनीतलं झोलिंगेन, ऑस्ट्रियातलं स्टायरिया, कॉकेशस सगळीकडे उचलला गेला. आपल्याकडच्या पात्यांवरही तो सापडतो. फिरंगी तलवारींना युरोपातली पाती बसवत, तेव्हा असा परदेशी शिक्का इथे ओळखीचा आणि मानाचा होता. शिक्क्यावरून गाव ठरवू नका.

माझ्याकडे इटलीचा राजा पहिला उंबेर्तो याच्या काळातली, म्हणजे १८७८ ते १९०० मधली, इटालियन अधिकाऱ्याची तलवार आहे. पात्यावर त्याच्या सव्हॉय राजघराण्याचा क्रूस आणि राजाचं आद्याक्षर आहे. काळ वस्तूवरच लिहिलेला असल्याने सांगोवांगीची गरज पडली नाही. पहिली खरेदी मी अशीच सुचवीन. तुमचं मन याच कोरीवकामात असेल तर परवान्याचा क्रमांक असलेलं बिल मागा, त्यावर 'इटालियन धर्तीची, नक्षी नंतरची' असं लिहून घ्या आणि भाव नव्याने बोला. बिलावर तसं लिहायला नकार दिला तर घेऊ नका. मूठ उघडून दाखवतो म्हणाले तरी उघडू देऊ नका, हाडाच्या पट्ट्या चिरतात.

आम्लरेषा, नौपाडा
परवाना दाखवला तरच पुढचं बोलेन. आधी ढालीची मागची बाजू बघायची आहे, ती भिंतीवर स्क्रूने पक्की केलीय. शनिवारी उतरवून दाखवणार आहेत. काका, वेळ असेल तर जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन याल का?