जाळ्याच्या खोलीत आधी वर बघा, मग मशाल

दादा, डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या गोष्टीच्या खेळात तुमच्या पार्टीनं (खेळाडूंच्या टोळीनं) कोळ्याच्या जाळ्यानं भरलेल्या खोलीत शिरल्या शिरल्या मशाल फेकली अन् आत गुंडाळून लटकवलेला माणूसच जळाला, हे वाचून लई वाईट वाटलं. आमी परभणीत हाच खेळ खेळायलो, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, अन् अशी खोली आली की मी सगळ्यांना दारातच थांबवतो.

त्यातल्या जायंट स्पायडरचे (मोठ्या कोळ्याचे) हिट पॉइंट, म्हणजे जीव, २६ अन् आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १४, म्हणजे तो काही लई भारी नाही, खरा ताप जाळ्याचा. अंगावर पडलं की तुमी रिस्ट्रेन्ड (जखडलेले), स्पीड शून्य, तुमचा वार डिसॲडव्हान्टेजनं (दोन फाशांतला कमी आकडा धरून) अन् कोळ्याचा तुमच्यावर ॲडव्हान्टेजनं (जास्त आकडा धरून). सुटायला स्ट्रेंथ चेकला (ताकदीच्या फाशाला) १२ पाहिजे, विझार्ड (कमी ताकदीचा जादूगार) बिचारा तिथंच अडकून बसतो. पण त्या जाळ्याला ५ च हिट पॉइंट असतात, त्यामुळं शेजारच्या फायटरनं (लढवय्यानं) तलवारीनं सरळ कापावं. गदा नका वापरू, तिचा जाळ्यावर काहीच परिणाम होत नाही.

अन् महत्त्वाचं म्हणजे कोळ्याच्या विषानं शून्य हिट पॉइंटवर गेलेला माणूस मरत नाही, स्टेबल राहतो (जीव टिकून राहतो), तासभर लुळा पडतो फक्त. म्हणून लटकलेला जिवंत असू शकतो.

दिवाळीच्या आधी आई बांबूला केरसुणी बांधून माळवदाखालची जळमटं काढते ना, आमी तसाच लांब बांबू दारातून घातला, डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) मान्य केलं, कोळी वरून खाली आला अन् दारातच घेरला. पुढच्या वेळी हे करून बघा, अन् काय झालं ते नक्की सांगा.