मनगट १४.८ सेंमी. ४० मिमी घ्यावं की ४४?

पहाटपाऊल

नमस्कार मंडळी. स्मार्टवॉच घ्यायचं नक्की झालंय, घोडं अडलंय ते आकारावर. टेपने मनगट मोजलं तर १४.८ सेंमी भरलं. करंगळीच्या बाजूचं हाड बऱ्यापैकी वर आलेलं आहे. जे घड्याळ मनात आहे ते गोल डायलचं, ४० आणि ४४ मिमी अशा दोन मापांत मिळतं. सकाळी धावायला जाते आणि झोपेची नोंदही हवी आहे, म्हणजे आंघोळ आणि चार्जिंग सोडलं तर ते हातावरच राहणार.

भावाचं मोठं घड्याळ काही दिवस घालून बघितलं. स्क्रीन छान वाटली. पण धावताना ते घसरून हाडावर येतं, आणि पट्टा शेवटच्या भोकात घालून आवळला तर रात्री नकोसं होतं. शिवाय अगदी सावकाश धावतानाही नाडी १७०च्या आसपास दाखवतं. थांबून मानेवर बोटं ठेवून मोजली तर तेवढी अजिबात नसते.

बहीण म्हणते, लहान घेतलंस तर वाचता येणार नाही आणि बॅटरीही लवकर संपेल. मैत्रीण म्हणते, सध्या मोठीच घड्याळं शोभतात. ऑनलाइन मागवणार आहे, घालून बघायची सोय नाही. नुसत्या मिमीच्या आकड्यावरून ठरवायचं कसं?

उत्तरवारा

सोपा हिशेब सांगतो. १५ सेंमीच्या आत मनगट असेल तर ४२ मिमीपर्यंत, १५ ते १७ सेंमी असेल तर ४५पर्यंत, त्यापुढे हवं ते घ्या. तुमचं १४.८ आहे, ४० घ्या आणि मोकळ्या व्हा.

तिसरा काटा

घड्याळं दुरुस्त करणं, पट्टे बदलणं हे माझं रोजचं काम. उत्तरवारा यांचा हिशेब सुरुवातीला ठीक आहे, पण त्यावर पैसे खर्च करू नका, कारण टेपने मोजलेला घेर अर्धीच गोष्ट सांगतो. घेर तोच, १४.८ सेंमी, पण मनगट चपटं असेल तर वरून त्याची रुंदी साधारण ५२ मिमी भरते आणि गोलसर असेल तर ४७-४८. घड्याळ बसतं ते या वरच्या भागावर, आणि त्यातही जो सपाट तुकडा असतो तेवढ्यावरच. दोन्ही कडांना मनगट खाली उतरायला लागतं, तिथे घड्याळाला आधार नाही.

म्हणून ताई, आधी एवढं करा. एटीएम कार्ड घ्या. त्याची आखूड बाजू ५४ मिमी असते, जगात कुठल्याही बँकेचं असो. हात टेबलावर पालथा ठेवा, आखूड बाजू मनगटावर आडवी धरा आणि दोन्हीकडे किती बाहेर येतं ते बघा. मग पट्टी ठेवून नुसता सपाट भाग मोजा, जिथे पट्टी त्वचेला टेकलेली आहे तेवढाच.

आता घड्याळाचं माप. जाहिरातीतला ४० किंवा ४४ हा बहुतेक गोल घड्याळांत केसचा, म्हणजे घड्याळाच्या मुख्य डबीचा, व्यास असतो. पट्टा अडकवायचे जे चार कान असतात ते त्यात धरलेले नसतात. वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंत जी लांबी येते, ती मनगटावर आडवी पडते. खरी जागा खाते तीच. ही लांबी तुमच्या मनगटाच्या रुंदीपेक्षा कमी हवी, आणि सपाट भागाच्या जितकी जवळ जाईल तितकं घड्याळ शांत बसेल. कान आखूड आणि खाली वळलेले असतील तर ४४चं घड्याळही बारीक हातावर नीट बसतं. कान सरळ पुढे आलेले असतील तर ४१चंसुद्धा दोन्हीकडून उचललं जातं.

यातला चकवा म्हणजे पट्ट्याचा पहिला सेंटिमीटर. रबरी किंवा सिलिकॉनचा जाड पट्टा कानातून बाहेर आल्यावर लगेच वळत नाही, थोडा आडवा जाऊन मग खाली उतरतो. त्यामुळे घड्याळ कागदावर असतं त्याहून लांब होतं आणि मनगटाच्या कडेला पट्ट्याखाली फट राहते. तुमच्या भावाचं घड्याळ घसरण्यामागे मला तीच फट दिसते. पुन्हा घालाल तेव्हा आरशासमोर हात आडवा धरून बाजूने बघा. पट्ट्याखाली करंगळी जाण्याइतकी जागा दिसली तर ते माप तुमचं नाही, पट्टा कितीही आवळा.

दोन कंपन्यांचे आकडेही एकमेकांशी ताडू नका. ॲपल केसची उंची सांगतं. सिरीज १०चं ४६ मिमी म्हणजे ४६ उंच आणि ३९ रुंद, आणि त्याला बाहेर आलेले कानच नाहीत, पट्टा केसमध्येच सरकतो. म्हणजे तिथे ४६ म्हटलं की मनगटावर जवळपास ४६च येतात. गोल घड्याळाच्या ४४वर कान वेगळे जोडावे लागतात. आकडा लहान, पण हातावर लांब, असं सर्रास होतं.

घालून बघायची सोय नसेल तर पुठ्ठ्याचं घड्याळ करा. यात पोरखेळ वाटण्यासारखं काही नाही, मी गिऱ्हाइकांना आवर्जून करायला सांगतो. कंपासने एक वर्तुळ २० मिमी त्रिज्येचं आणि एक २२चं काढा. घड्याळाचा समोरून काढलेला फोटो बघून कान अंदाजाने जोडा. जाडीसाठी पुठ्ठ्याचे थर चिकटवा. मोजमापाला पुन्हा कार्डच वापरा, एक कार्ड पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर असतं, तेव्हा तेरा कार्डांची थप्पी म्हणजे जवळजवळ १० मिमी. काही कंपन्या जाडी सांगताना मागचा सेन्सरचा फुगवटा सोडून देतात, म्हणून एक-दोन थर जास्तच द्या. मग ते चिकटपट्टीने हाताला बांधा आणि तळवा जमिनीला टेकवून उठून बघा, लांब बाहीचा शर्ट घालून बघा, कुशीवर हात दुमडून पडा. केस तळहाताच्या मागच्या बाजूला रुतते का, हे दोन मिनिटांत कळतं.

शेवटचं, हाताचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवून मत मागू नका. फोनचा कॅमेरा जवळून धरला की जवळची वस्तू फुगवून दाखवतो, प्रत्येक घड्याळ त्यात तव्याएवढं दिसतं. शोभतं का ते बघायचं तर मोठ्या आरशासमोर चार पावलं मागे उभं राहून बघा. लोक तुम्हाला त्याच अंतरावरून बघतात.

मोकळं रान

धावण्याबद्दल लिहिते. तो १७०चा आकडा कुठून येतो ते मला जवळपास नक्की माहीत आहे. घड्याळ मागून हिरवा प्रकाश टाकतं, रक्त तो शोषतं, आणि प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो त्यावरून नाडी मोजली जाते. घड्याळ सैल असेल तर प्रत्येक पावलाला ते उडतं आणि त्या धक्क्यानेही प्रकाश तसाच कमी-जास्त होतो. धावताना बहुतेकांची मिनिटाला १६० ते १८० पावलं पडतात. सेन्सर नाडीऐवजी तुमची पावलं मोजत बसतो! ताडून बघायचं तर त्याच घड्याळात कॅडन्सचा, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या पावलांचा, आलेख उघडा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या असतील तर समजा हेच झालंय.

उपाय दोन. घड्याळ हलकं हवं, आणि धावताना ते हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या दिशेने सरकवून घालायचं. तिथे मांस जास्त, हालचाल कमी. म्हणूनच तुमचं माप एका जागी घेऊन भागणार नाही, हाडाजवळ एक आणि दोन बोटं वर एक, अशी दोन घ्या. मी पट्टा धावण्याआधी एक भोक घट्ट करते आणि घरी आल्यावर लगेच सैल करते. दिवसभर आवळून ठेवला तर खाली घाम साचतो आणि त्वचा लाल होते.

वजनाकडे लोक लक्षच देत नाहीत याचं मला फार वाटतं. गार्मिन फोररनर २६५ हे ४७ ग्रॅमचं, त्याचंच लहान भावंड २६५एस ३९ ग्रॅमचं. कागदावर आठ ग्रॅम काहीच नाहीत. पण हात पुढे-मागे झुलतो तेव्हा प्रत्येक झोक्याला ते आठ ग्रॅम घड्याळाला जागेवरून ओढतात.

आणि बहिणीला सांगा, लहान म्हणजे बॅटरी कमीच असं नसतं. याच जोडीत साध्या वापरात मोठ्याला १३ दिवस सांगितलेत, लहानाला १५, कारण लहान स्क्रीनला कमी वीज लागते. उलट गार्मिनच्याच व्हेनू ३ला १४ आणि त्याच्या लहान ३एसला १०. मॉडेलनुसार बघावं लागतं.

निवांत६६

इथे सगळे बारीक मनगटाच्या बाजूने बोलताहेत, म्हणून मोठ्या स्क्रीनच्या बाजूने थोडं लिहितो. माझं वय साठीच्या पुढे, चालताना चष्मा नसतो. ४० आणि ४४ यात चारच मिलिमीटरचा फरक दिसतो, पण वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा, मोठं २१ टक्के जास्त भरतं. तेवढ्यात संदेशाची एक ओळ जास्त मावते आणि बोट चुकीच्या बटणावर पडत नाही. औषधाची आठवण वाचताच आली नाही तर ते घड्याळ माझ्या काय कामाचं?

तुमचे डोळे चांगले असतील तर लहानावर अक्षरं एक पायरी मोठी करून भागेल, सेटिंगमध्ये ती सोय बहुतेक घड्याळांत असते. आणि घड्याळाचा चेहरा, म्हणजे वेळ दाखवणारा पडदा, असा निवडा ज्यावर वेळ आणि एखादाच आकडा असेल. सात-आठ गोष्टी कोंबलेला चेहरा मोठ्या घड्याळावरही वाचवत नाही.

काठावरचा

चावीकडेही, म्हणजे केसच्या बाजूच्या फिरवायच्या बटणाकडेही बघा. मनगट मागे वाकवलं की उजवीकडची चावी हाताच्या पाठीत रुतते, जोर काढताना तर हमखास, आणि कधीकधी आपोआप दाबलीही जाते. ॲपलमध्ये सेटिंगमधून दिशा बदलून चावी कोपराच्या बाजूला नेता येते, स्क्रीन सरळच राहते. ही सोय तुमच्या मॉडेलमध्ये आहे का ते घेण्याआधी तपासा. बारीक हातावर तिचा फार उपयोग होतो.

पहाटपाऊल

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्ड ठेवून बघितलं, दोन्हीकडे थोडंथोडं बाहेर येतं, रुंदी ५० मिमी. सपाट भाग मात्र जेमतेम ४१. दोन बोटं वर घेर १५.६ भरला.

दोन्ही पुठ्ठे बांधून झोपले. मोठ्याची कड कुशीवर वळताना टोचली, लहान आहे हे विसरायलाच झालं. आणि मोकळं रान, आलेख उघडून बघितला, दोन्ही रेघा खरंच चिकटून चालल्यात, मध्ये एका चढावर तेवढ्या सुटल्यात. भावालाही दाखवलं, त्याच्या हातावर तेच घड्याळ बरोबर आकडे देतं!

तेव्हा ४०. एकच शंका राहिली. सोबत येणारा सिलिकॉनचा पट्टा माझ्या हातावर शेवटच्या एक-दोन भोकांतच बसेल असं मापावरून दिसतंय. चालेल का?

तिसरा काटा

काम चालेल, पण तुमच्या वापराला नको. रोजचं भोक पट्ट्याच्या मध्यावर यावं, म्हणजे धावताना एक घट्ट आणि झोपताना एक सैल करायला दोन्हीकडे जागा राहते. धावून आल्यावर, उन्हात, हात थोडा फुगतोच. शेवटच्या भोकावर असाल तर सैल करता येतं, घट्ट नाही, आणि तुम्हाला नेमकं घट्टच करायचंय. शिवाय उरलेलं शेपूट आतून हाडाखाली येऊन बसतं.

तुम्ही नायलॉनचा विणलेला, चिकटणाऱ्या पट्टीचा घ्या. त्यात भोकंच नसतात, हवं तिथे थांबता येतं, आणि तो कानातून बाहेर पडताच खाली वळतो, त्यामुळे कडेची फट जाते. घामाने भिजला की साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, ओला घालू नका.

मागवताना डायलचा आकडा सांगू नका, दोन कानांमधलं अंतर सांगा, ते १८, २०, २२ असं काहीतरी असेल. केसला नेहमीची स्प्रिंग पिन (कानांमध्ये पट्टा धरणारी दाबून काढायची काडी) आहे की कंपनीची स्वतःची अडकवण आहे तेही बघा. ॲपलवाल्यांनी तर जास्तच जपावं. जुन्या सिरीज ३च्या ४२चा पट्टा सिरीज १०च्या ४२ला बसत नाही. तो मोठ्या गटातला आणि हा लहान गटातला, ३८, ४० आणि ४१ यांच्याबरोबरचा. आकडा तोच बघून मागवलेले पट्टे परत करायला लागलेली माणसं माझ्याकडे येत असतात.

आणि पट्टा दोन बोटं वरच्या मापाला, तुमच्या १५.६ला पुरेल असा घ्या, हाडाजवळच्या १४.८च्या मापाचा नको.