मदत हवी आहे: मोटर बसवलेल्या सायकलचा क्लच हायड्रॉलिक करायचाय

राम राम मंडळी. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूचा. मळा घरापासून तीन किलोमीटर. बाबांच्या जुन्या २२ इंची सायकलला गेल्या वर्षी टू-स्ट्रोक इंजिनाचं किट बसवलं. खोक्यावर ८० सीसी छापलंय, पण बोअर (सिलिंडरचा व्यास) ४७ आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३८ मिलीमीटर, म्हणजे हिशेबाने ६६ सीसीच भरतं. (२५ सीसीच्या वर गेलं की कायद्याने ती मोटार गाडीच, नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, ठाऊक आहे. मी मळ्यातल्या वाटेवरच फिरवतो. धागा तिकडे नेऊ नका, हात जोडतो.)

दुखणं क्लचचं आहे. लिव्हर भयंकर जड. लावणीच्या दिवसांत तरव्याच्या पेंढ्या कॅरिअरला बांधायच्या, समोरून म्हशी आल्या की क्लच दाबून उभं राहायचं, तोवर डाव्या हाताची बोटं बधिर. किटच्या लिव्हरला क्लच दाबून अडकवायचा खटका आहे, पण तो बेभरवशाचा. एकदा आपोआप सुटला आणि पुढचं चाक थेट म्हशीच्या पोटाला. म्हैस हलली नाही, मीच चिखलात.

मी उद्यमबागेत (बेळगावची कारखान्यांची वसाहत) लेथवर काम करतो. तिथे हायड्रॉलिक म्हणजे रोजचंच, म्हणून डोक्यात किडा शिरला. डिस्क ब्रेकच्या सायकलची जुनी हायड्रॉलिक लिव्हर मिळालीय. तिचा पिस्टन १० मिलीमीटरचा, पूर्ण दाबली तर ९ मिलीमीटर सरकतो. खालचा सिलिंडर मी स्वतः टर्न करीन, ओ-रिंग (रबरी कडी) बसवीन आणि तो क्लचचा हात (इंजिनावरची, वायर अडकवलेली पट्टी) ओढेल असा लावीन. सध्या वायर तो हात १३ मिलीमीटर ओढते तेव्हा क्लच पूर्ण सुटतो. तर प्रश्न असा की खालचा पिस्टन किती मिलीमीटरचा घेऊ? आणि तेल कुठलं? कुणी केलंय का हे?

प्रतिसाद, निपाणीहून

आधी आकडेमोड. तुझी लिव्हर एका दाबात सुमारे ७०७ घन मिलीमीटर तेल ढकलते. खाली पण १० चाच पिस्टन लावलास तर १३ मिलीमीटर ओढायला १०२१ लागतील. क्लच अर्धवटच सुटेल, इंजिन चालू असताना सायकल पुढे ओढत राहील. ८ चा लावलास तर ६५३ पुरतात, थोडं शिल्लकही राहतं. म्हणजे ८.

तेलाचं मात्र डोळे झाकून करू नकोस. काही सायकल ब्रेकना खनिज तेल लागतं, काहींना डॉट, म्हणजे गाड्यांचं ब्रेक ऑइल. खनिज तेलाच्या लिव्हरमध्ये मोटारसायकलचं डॉट ४ ओतलंस तर रबर फुगून पिस्टन अडकतो. उलटं केलंस तरी तेच. लिव्हरच्या टाकीवर काय लिहिलंय ते बघ आणि ओ-रिंगही त्याच तेलाला चालणारी घे.

प्रतिसाद, खानापूरहून

८ चं गणित बरोबर आहे दादा, पण त्याने लिव्हर हलकी होणार नाही. तेल काही फुकटात जोर देत नाही. बोटं जितकी सरकतात त्यावर सगळं आलं. ब्रेकची लिव्हर दोन बोटांची, तिचा पल्ला आखूड, म्हणजे तेवढंच काम कमी अंतरात, हाताला उलट जास्तच जड. हायड्रॉलिकने जातं ते वायरचं घासणं, बाकी काही नाही.

घासणं किती आहे ते आधी मोज की. वायर काढ, ताणकाटा थेट क्लचच्या हाताला अडकवून ओढ. मग वायर लावून तिच्या लिव्हरकडच्या टोकाने ओढ. दोन आकड्यांतला फरक तेवढाच तुला हायड्रॉलिकने मिळेल. आणि त्या लिव्हरला खटका नसतो, म्हणजे म्हशींपुढे तू पूर्ण वेळ दाबूनच उभा.

धागाकर्ता

पोती मोजायचा ताणकाटा लावला. क्लचच्या हाताला थेट: ९ किलो. वायरच्या वरच्या टोकाला: १५. सहा किलो नुसते वायरमध्येच जातायत! मिस्त्रीला दाखवलं तर म्हणाला, "काय करूलालास हे, क्लच काढूलालास की मासे तोलूलालास?"

मग वायर बाहेर काढली. पेट्रोल टाकीखाली ती जवळपास काटकोनात वळवलेली होती (वळवणारा मीच). तिथलं प्लॅस्टिकचं अस्तर कापून आत पावसाचं पाणी गेलेलं, तारेला तपकिरी गंज. डाव्या बाजूचं झाकण उघडलं, तर क्लचच्या हाताखालचा कॅम कोरडा ठणठणीत, वर लाल चिखल वाळलेला. तिथून पोकळ शाफ्टमधून दांडी आणि छर्रा पलीकडच्या क्लचला ढकलतात, ते सगळं रॉकेलने धुतलं, ग्रीस लावलं. छर्रा बोटातून सुटून लेथखाली गेला, चुंबकाने शोधायला अर्धा तास.

नवी वायर मोटारसायकलची, अस्तरवाली. टाकीच्या बाजूने मोठ्या वळणाने आणली. आता क्लचच्या हाताला थेट साडेआठ, वायरच्या वरच्या टोकाला ११.

प्रतिसाद, खानापूरहून

मग अजून एक कर. वायर अर्धी ओढलेली असताना क्लचच्या हाताशी काटकोन करते का बघ. आडवी ओढत असेल तर जोर वाया. आणि क्लचचा हात लांब करता येतो.

प्रतिसाद, निपाणीहून

तरी मी म्हणतो ८ चा सिलिंडर करून बघायला काय जातंय, लेथ हाताशी आहे. पण एक लक्षात ठेव, लिव्हर सोडल्यावर वरचा पिस्टन पूर्ण मागे यायलाच हवा. त्याच्यापुढचं बारीक भोक उघडलं नाही तर इंजिनाच्या उष्णतेने फुगलेलं तेल लिव्हरच्या टाकीत परत जात नाही, क्लच किंचित दाबलेलाच राहतो आणि घसरतो. क्लचचे पॅड जळतात.

धागाकर्ता

सिलिंडर तूर्त बाजूला. क्लचच्या हाताला वायरचं भोक मधल्या बोल्टपासून ४० मिलीमीटरवर आहे. पट्टी वेल्ड करून ४६ वर नवं भोक पाडलं तर वायर १३ ऐवजी १५ ओढावी लागेल. माझी लिव्हर मोजून १६ ओढते, म्हणजे एकच मिलीमीटर मोकळा. पॅड नवे आहेत तोवर चालेल, झिजले की वायरचा नट सारखा फिरवावा लागेल असं वाटतंय. ४६ करू की ४४ वर थांबू? आणि खटक्याऐवजी लिव्हर हँडलला बांधायला काय वापरता? मी तूर्त ट्यूबची रबरी पट्टी लावलीय, पण पाऊस लागला की ती सरकते.